सोळाच्या सोळा हिरवे

दौलतराव बाथरूममध्ये पडले आणि मी योजनेत पडलो. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. माझं काय मोडलं ते पुढे येईलच.

आमची बिल्डिंग मोशीत आहे. तळमजला धरून चार मजले, सोळा फ्लॅट, एक लिफ्ट आणि एक वॉचमन. दौलतराव एकटेच तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी बरोबर त्यांच्या खाली, दुसऱ्यावर. ही बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. "आमी आमच्याच कांद्याच्या वावरात तीस फूट वर ऱ्हातो," असं ते म्हणायचे म्हणे. म्हणे अशासाठी, की सहा वर्षांत आमचं एकदाही धड बोलणं झालं नव्हतं. लिफ्टमध्ये मी नेहमी मजल्यांच्या आकड्यांकडे बघतो, माणसांकडे नाही.

तो रविवार होता. कुसुम, म्हणजे आमची सौभाग्यवती, देहूरोडला बहिणीकडे गेलेली. दुपारी दोनला मी जेवून आडवा झालो, तेवढ्यात वरून धप्प असा आवाज आला. मग ठक, ठक, ठक. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं मी क्वालिटी खात्यात काढली आहेत. अनियमित आवाज मला सहन होत नाही. दहा मिनिटं वाट पाहिली आणि जाळ्या काढायचा लांब दांड्याचा झाडू घेऊन छतावर तीनदा ठोकलं. वर क्षणभर शांतता झाली आणि तीन ठोके परत आले. मी पेटलोच. चार दिले. वरून चार आले. असं अर्धा तास चाललं. शेवटी "बंद करा तो तमाशा!" असं छताकडे बघून ओरडलो, कानात कापूस घातला आणि जिंकल्याच्या समाधानात झोपलो.

सोमवारी सकाळी आठला विमलबाई आल्या. त्या वर आणि आमच्याकडे, दोन्हीकडे भांडी घासतात. वरच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांची किंकाळी ऐकून मी धावलो, तर बाथरूमच्या दारात दौलतराव, अंगावर विमलबाईंनी टाकलेली चादर, आणि हाताशी एक पितळी तांब्या. तांब्याच्या बुडाला पोचे पडले होते. मी ते पोचे बघितले आणि मला कालचे ठोके कळले. अठरा तास हा माणूस तांब्या आपटून मदत मागत होता, आणि मी त्याला झाडूने गप्प करत होतो.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. कुसुमलाही नाही. घरी आलो आणि झाडू माळ्यावर अगदी मागे टाकला.

आता अशा वेळी साधा माणूस काय करेल? हॉस्पिटलात जाऊन दौलतरावांचे पाय धरेल. मी गेलो होतो, शहाळं घेऊन. ते झोपले होते, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, दाढी वाढलेली. शहाळं टेबलावर ठेवून परत आलो आणि रस्ताभर विचार केला. एका माणसाने एकदा पाय धरून काय होणार? कंपनीत काही बिघडलं की आम्ही कोणाला दोष देत नसू, सिस्टिम बघत असू. मला ही पद्धत नेहमीच आवडत आली आहे, आणि त्या दिवशी तर फारच आवडली.

आठवडाभर बसून मी 'विचारपूस योजना' आखली. प्रत्येक दाराबाहेर एक कार्ड. एक बाजू हिरवी, 'सर्व ठीक'. दुसरी लाल, 'मदत हवी'. वॉचमन रोहिदास रात्रीच्या फेरीत सगळी कार्डं लाल करणार. सकाळी प्रत्येक घराला नेमून दिलेला शेजारी दार वाजवणार, माणूस प्रत्यक्ष बघणार, कार्ड हिरवं करणार आणि दाराशी टांगलेल्या चेकशीटवर वेळ, शेरा, सही करणार. नऊपर्यंत कार्ड हिरवं झालं नाही तर रोहिदास शिट्टी वाजवणार आणि सगळ्यांनी हातातलं काम टाकून तिथे धावायचं. कंपनीत मशीन बिघडलं की लाल दिवा लागतो आणि लाइन थांबते, तसंच.

कुसुमने सगळं ऐकून घेतलं. "त्यापेक्षा दौलतराव घरी आले की रोज जाऊन बसा ना थोडा वेळ," ती म्हणाली.

"मी आज आहे, उद्या नाही. सिस्टिम राहते," मी म्हणालो.

"वर जायला आठ अधिक आठ सोळा पायऱ्या आहेत," ती म्हणाली आणि गवार मोडायला लागली.

सोसायटीची मीटिंग बोलावली. आमचे सेक्रेटरी हिंदुराव, मूळचे कोल्हापूरकडचे, तरुणपणी आखाड्यात घुमलेले. त्यांनी सगळी योजना ऐकली, मिशीवरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न टाकला. "कार्ड कशाला अडकवायचं?"

"खिळ्याला."

"खिळा कुठं मारायचा? दाराची आतली बाजू मेंबरची, बाहेरची सोसायटीची. आतनं मारला तर टोक बाहेर येतंय, बाहेरनं मारला तर आत. ठरावाबिगर असं कसं चालंल ओ?"

या खिळ्यावर आमचे दोन रविवार गेले. एकाने डबल टेप सुचवली, तर दुसऱ्याने टेपने पॉलिश निघतं अशी हरकत घेतली. कोणी म्हणालं लाल कार्ड म्हणजे चोराला आमंत्रण, कोणी म्हणालं हिरवं म्हणजे घरात सगळे खुशाल आहेत, मग वर्गणीवाले येतील. एका गृहस्थांनी तर कार्डाला पिवळी बाजूही असावी, 'ठीक आहे पण फारसं नाही' अशा दिवसांसाठी, असा आग्रह धरला. कार्डाला दोनच बाजू असतात हे मी त्यांना कागद फिरवून दाखवलं. ते रुसून गेले ते अजून बोलत नाहीत. तळमजल्यावरचा बुद्धरत्न तेवढा समंजस. तो बँकेत आहे आणि त्याची बायको मिनल फिजिओथेरपिस्ट. त्याने विचारलं, "काका, पण दौलतआजोबांना काय हवंय, ते विचारलंत का?"

"योजना पूर्ण झाल्यावर लाभार्थ्यांचा अभिप्राय घेणारच आहोत," मी म्हणालो. तसा रकाना मी केलाच होता.

शेवटी खिळ्याऐवजी कडीला सुतळी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. एक नोव्हेंबरला योजना सुरू झाली. दौलतराव त्याआधीच घरी आले होते, आणि ते घर मी मुद्दाम माझ्याकडे घेतलं होतं. पहिल्या दिवशी गेलो, विमलबाईंनी दार उघडलं. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "ठीक?" आतल्या खोलीतून आवाज आला, "हाय, हाय!" कार्ड हिरवं केलं, सही केली. एकूण अकरा सेकंद. मनावरचं ओझं किती हलकं झालं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली.

नवनाथचं कार्ड लाल होतं. नवनाथ बीडकडचा, पहिल्या मजल्यावर एकटा राहतो, चाकणला कामाला. त्याचं घर हिंदुरावांकडे नेमलेलं. त्यांनी दार वाजवलं, बेल वाजवली, हाका मारल्या. आत चिडीचूप. नऊ वाजले, शिट्टी झाली, पंधरा माणसं जमली. दौलतरावांचं उदाहरण ताजंच होतं. "जीव महत्त्वाचा का दार?" असं म्हणून हिंदुरावांनी धोतर खोचावं तशी पँट वर ओढली आणि खांदा दिला. दुसऱ्या धडकेला दार कडीसकट आत पडलं, आणि त्याच्यावर हिंदुराव.

आत पलंगावर नवनाथ. नाइट शिफ्ट करून आठला आलेला, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त चड्डी. त्याने पट्टी वर केली आणि समोर बघितलं, तर पंधरा माणसं, आडवे सेक्रेटरी आणि पडलेलं दार. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"कामून तोडलं दार?" एवढंच तो म्हणाला.

"तू बरा आहेस ना, हे बघायला," मी म्हणालो.

"व्हतो की बरा! आत्तापर्यंत व्हतो!"

चाकणच्या पट्ट्यात राहून, शिफ्टच्या बसचे हॉर्न ऐकत आयुष्य घालवून, माझ्यासारख्या माणसाच्या योजनेत शिफ्टचा रकाना नव्हता! मी स्वतःच हादरलो. चेकशीटमध्ये तातडीने सुधारणा केली. नवनाथ त्यानंतर आठ दिवस दाराऐवजी चादर लावून झोपला आणि जाता-येता माझ्याकडे असं बघत राहिला की मी वेळ बदलून फिरायला जाऊ लागलो.

तीन तारखेला लिफ्ट बंद पडली. कसला तरी भाग चेन्नईहून यायचा होता. आता माझा उजवा गुडघा हा एक स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात सांगायचं तर तो चढताना बोलतो. खालून घरी येण्यातच तो इतकं बोलायचा की पुढच्या सोळा पायऱ्यांना माझं धाडस होईना. शिवाय त्याच सुमारास एका सेवाभावी संस्थेने 'आदर्श शेजार पुरस्कार' जाहीर केला होता आणि त्याचा सतरा पानी फॉर्म माझ्याकडे होता. फॉर्मात असे प्रश्न होते: 'योजनेपूर्वी एकटे असणाऱ्यांची संख्या. योजनेनंतरची संख्या. एकटेपणात झालेली घट (टक्के).' आणि खाली, 'लाभार्थी हयात असल्याचा पुरावा जोडावा.' मी फोन करून विचारलं, पुरावा म्हणजे नेमकं काय? पलीकडून सांगितलं, रोजच्या भेटीची नोंदवही चालेल. माझ्या चेकशीटचं असं चीज झालेलं पाहून मला भरून आलं.

बारा तारखेला नोंदी गोळा करायला निघालो आणि पहिल्याच दाराशी थबकलो. नवनाथच्या दाराचं, हिंदुरावांनी भरलेलं चेकशीट. रोज सव्वासात, रोज 'भेट झाली, तब्येत छान', रोज सही. तारीख बारा होती आणि शीट भरलं होतं एकतीस नोव्हेंबरपर्यंत! नोव्हेंबरला तीसच दिवस असतात. नसलेल्या दिवशीसुद्धा नवनाथची तब्येत छान होती.

पुढची दारं बघितली. बहुतेक ठिकाणी तेच. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं कंपन्यांत, आणि कंपनीतलं चेकशीट कसं भरतात ते मला कोणी शिकवायला नको. सोमवारी बसून आठवडा भरायचा, ऑडिटच्या आदल्या दिवशी महिना भरायचा, मधूनमधून पेन बदलायचं. बावीस वर्षं मी याच माणसांना पकडत आलो होतो. त्या रविवारी मी पार्किंगमध्ये सगळ्यांना उभं करून पाऊण तास झापलं. "हे आकडे नाहीत, माणसं आहेत! सही म्हणजे शब्द! न भेटता 'भेट झाली' लिहिताना तुमचा हात थरथरला नाही?" दोघातिघांनी माना खाली घातल्या. हिंदुराव म्हणाले, "एकतीस तारीख तेवढी चुकली बघा."

आता माझ्या स्वतःच्या चेकशीटबद्दल. ते मी तीन तारखेलाच तीसपर्यंत भरून, विमलबाईंच्या हाती वर टांगायला पाठवलं होतं. यात आणि हिंदुरावांच्या प्रकारात मूलभूत फरक होता. एक म्हणजे, मी एकतीस नोव्हेंबर भरला नव्हता. दुसरं म्हणजे, गुडघा बरा झाला की जाणार होतोच. आणि रोज सकाळी नऊला रोहिदास येऊन "साहेब, सोळाच्या सोळा हिरवे" सांगून जायचा. पहिल्यांदा मी जरा चमकलो. मी वर गेलोच नाही, मग दौलतरावांचं कार्ड हिरवं कसं? मग लक्षात आलं. सिस्टिम एकदा रुजली की ती माणसावाचून चालते, हे मी कंपनीत शंभरदा सांगितलं होतं. इतक्या लवकर रुजेल असं मात्र वाटलं नव्हतं.

चोवीस तारखेला पार्किंगमध्ये कार्यक्रम ठेवला. मांडव, खुर्च्या, उपमा, आणि परीक्षक म्हणून संस्थेच्या स्वरूपा मॅडम. तिशीच्या, पायात पळायचे बूट, हातात छोटी वही. मी सकाळपासून यादी घेऊन पळत होतो. पहिल्या रांगेत मधोमध कोणी टोपीवाले आजोबा काठी टेकून बसले होते. "आजोबा, पहिली रांग पाहुण्यांसाठी आहे. जरा मागे बसा," म्हणून मी त्यांना उठवलं आणि माइक तपासायला गेलो. कार्यक्रम म्हटला की असली शंभर कामं असतात.

मी प्रास्ताविक केलं. 'हरवत चाललेला शेजार' यावर वीस मिनिटं बोललो. "आज या बिल्डिंगमध्ये एकही माणूस एकटा नाही. सोळाच्या सोळा हिरवे!" टाळ्या झाल्या. मग स्वरूपा मॅडम उठल्या. "छान. ज्यांच्यामुळे हे सुरू झालं त्या दौलतरावांना भेटायचं आहे मला."

"ते वर विश्रांती घेत असतील," मी म्हणालो.

"मग वर जाऊ."

गुडघा बोलत होता, पण त्या दिवशी मी ऐकलं नाही. मॅडम पुढे, मी मागे, आमच्यामागे हिंदुराव, नवनाथ आणि पाचसहा जण. तिसरा मजला. कार्ड हिरवं. दाराला कुलूप नव्हतं, लॅच ओढलेलं. मॅडमनी चेकशीट वाचलं. "आज सव्वासात वाजता भेट झाली. 'प्रसन्न दिसले.' तुमची सही?"

"हो."

बेल वाजवली. दार वाजवलं. हाक मारली. काहीच नाही.

"सकाळी तुम्ही भेटलात तेव्हा कसे होते?" मॅडमनी विचारलं.

मी पुन्हा एकदा बेल दाबली. मला त्या दाराआडून ठक ठक ऐकू यायला लागलं. खरं म्हणजे काही येत नव्हतं, तेच भयंकर होतं. मागच्या वेळी निदान आवाज तरी होता.

"मी... मी आज भेटलो नाही," मी म्हणालो.

"काल?"

"काल नाही. परवा नाही. दोन तारखेनंतर मी आलेलोच नाही."

बावीस दिवस! आकडा मी मनात मोजला. मी जिन्यावर बसलो. हिंदुरावांनी तोंडाचा आ केला तो तसाच राहिला. पाऊण तास झापलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्यांच्यातलं कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"तोडा दार," मी ओरडलो. "नवनाथ, तोड!"

"मी तोडू? बघा हं," असं नवनाथ म्हणाला आणि मला वाटतं महिन्याभराची झोप त्याने त्या लाथेत घातली. दार उघडलं. मी सगळ्यांना ढकलून आत शिरलो. बाथरूम कोरडं, रिकामं. पलंगावरची चादर नीट घातलेली. टेबलावर बोटभर धूळ. भिंतीवर रोज एक पान फाडायची दिनदर्शिका, ती तीन नोव्हेंबरवर थांबलेली. आणि खिडकीत तो पितळी तांब्या, पोचे पडलेला, पालथा. मी तो हातात घेतला आणि मला रडूच फुटलं. माणूस गेला कुठे? बावीस दिवस मी 'प्रसन्न दिसले' लिहीत होतो तो माणूस होता कुठे?

"कशाला रडताय ओ मेंबर?" हिंदुराव गोंधळून म्हणाले. "ते खाली उपमा खात्यात की."

मी तांब्या खिडकीत परत ठेवला.

"लिफ्ट बंद पडली त्याच दिवशी आम्ही चौघांनी खुर्चीतून खाली नेलं त्यांना. मिनलताईंकडं. व्यायाम करून घेती ती त्यांच्याकडनं. तुमास्नी ठाऊक नाही?"

"मग दार तोडायच्या आधी सांगायचं नाही का!"

"आम्हाला वाटलं, तुम्ही आतलं काहीतरी दाखवणार हाय मॅडमना," हिंदुराव म्हणाले.

"आन् मला," नवनाथ म्हणाला, "तुम्ही तोड म्हणालात. मी नाही कामून म्हणू?"

कसा खाली आलो मला आठवत नाही. मांडवात शेवटच्या रांगेत ते टोपीवाले आजोबा मांडीवर बशी घेऊन बसले होते. शेजारी मिनल, आणि दुसऱ्या बाजूला, त्यांना लोणचं वाढणारी, आमची कुसुम. त्या आजोबांना मी दोन तासांपूर्वी पहिल्या रांगेतून उठवलं होतं. हे दौलतराव होते. त्यांच्याच आयुष्यावर बोलायला मी त्यांना मागे बसवलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी कुसुमला विचारलं.

"तीन आठवडे दुपारची भाकरी आपल्याच घरून जातेय त्यांना. डबा तुमच्यासमोर भरते मी. तुम्ही विचारलंत का कधी, कोणाचा म्हणून?"

स्वरूपा मॅडम खाली आल्या होत्या. त्यांनी दौलतरावांसमोर खुर्ची ओढली. "आजोबा, तुमचं कार्ड रोज हिरवं कोण करायचं?"

"ही मिनल," दौलतराव म्हणाले. "धुनं वाळत घालाया गच्चीवर जाती, तवा जाताजाता फिरवती. मीच सांगितलं व्हतं. सायबांचा गुडघा दुखतोय, वर येनं हुयाचं न्हाई. कार्ड लाल ऱ्हायलं तर चारचौघांत मान खाली जायाची त्यांची. एवढी वही काढली, रंगीत कार्डं केली. कुनाचं मन कशाला मोडायचं?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "फॉर्ममध्ये योजनाप्रमुख म्हणून तुमचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "लाभार्थी म्हणूनही घालू का?"

पुरस्कार आम्हाला मिळाला नाही, हे सांगायला नकोच. मॅडमनी मात्र दोन बशा उपमा खाल्ला आणि तासभर दौलतरावांकडून कांद्याच्या चाळीत कांदा सडू नये म्हणून काय करतात ते ऐकत बसल्या.

संध्याकाळी कार्डं उतरवली, सुतळ्या गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचंच नाही असं ठरवून मी सकाळी खुर्चीत बसलो होतो. लिफ्ट त्याच पहाटे सुरू झाली होती. सव्वासातला आमचं दार वाजलं. काठीचं टोक, ठक, ठक, ठक.

उघडलं तर दौलतराव. मागे काठी सावरायला कोणी नाही, एकटेच. बगलेत माझं जुनं चेकशीट.

"काय सायेब, बरं हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी सवयीने 'ठीक' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणता आलं नाही. त्यांना आत बसवलं. आणि मग मी जे दोन महिने कोणालाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. झाडू, छत, तीन ठोके, चार ठोके. "तुम्ही मदत मागत होता आणि मी तुम्हाला गप्प बसवत होतो. नंतर कानात कापूस घालून झोपलो, दौलतराव." मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

त्यांनी काठीवर हनुवटी टेकवली.

"ठावं हाय की," ते म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"तुमी वरडलात ना, 'बंद करा तो तमाशा'? समदं ऐकू आलं. बारीक भिंती हायेत या. पैल्यांदा लई राग आला. पन मग रात झाली, समदीकडं चिडीचूप, तवा म्हनलं, चला, खाली मानूस तर हाय. चिडका असंना. सकाळी उठंल, परत वरडंल. त्येवड्यावर काढली रात."

कुसुम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने हे सगळं ऐकलं होतं आणि मला तिच्याकडे बघवेना. दौलतरावांनी खिशातून पेन काढलं, चेकशीट मांडीवर धरलं, तारीख पंचवीस नोव्हेंबर, आणि तिथला 'प्रसन्न दिसले' हा माझा शेरा खोडून, एकेक अक्षर जोडत काहीतरी लिहिलं. सही केली, कागद टीपॉयवर ठेवला आणि काठी टेकत निघून गेले.

ते गेल्यावर मी चष्मा लावून वाचलं. पूर्ण महिन्यातली आमच्या योजनेची ती एकमेव खरी नोंद होती.

'भेट झाली. मानूस बरा हाय. रडला. च्या इचारला न्हाई.'